नऊ, दहा की अकरा? इलेक्ट्रिक गिटारच्या तारांचं साधं गणित

आजचा भाग थोडा बोटांबद्दल आहे आणि थोडा गणिताबद्दल. गणित म्हटल्यावर पळू नका, दहावीपुढचं काहीही नाहीये. ज्यांना हेडफोन लावायला वेळ नाही, लोकलमध्ये उभं राहून वाचायचंय, त्यांच्यासाठी हा सगळा भाग इथे लिहून ठेवलाय.

इलेक्ट्रिक गिटार शिकणाऱ्यांकडून दोन तक्रारी नेहमी कानावर येतात. पहिली अशी: "सहा महिने झाले, बोटं सोलून निघाली, पण बेंड काही सुरात पोचत नाही. माझ्या बोटांत दमच नाही वाटतं." दुसरी अशी: "आमचा गायक काळी दोनमध्ये गातो. त्याच्यासाठी गिटार खाली उतरवली की तारा लोंबायला लागतात, कॉर्ड वाजवला की सगळं बेसूर."

दोन्ही ठिकाणी माणूस स्वतःलाच दोष देतो. "मला जमत नाही" म्हणत गिटार कपाटावर जाते, आणि वर्षभराने जुन्या सामानाच्या जाहिरातीत "फार कमी वापरलेली" म्हणून दिसते. आणि बऱ्याचदा खरा घोळ असतो काही शे रुपयांच्या एका पाकिटात. त्या पाकिटावर दोन आकडे छापलेले असतात, ९-४२, १०-४६, ११-४९ असे काहीतरी. आज हे आकडे समजून घेऊया.

आकडा म्हणजे नक्की काय?

तारेची जाडी इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. "दहाची तार" म्हणजे ०.०१० इंच, म्हणजे साधारण पाव मिलिमीटर. पाकिटावरचा पहिला आकडा सर्वांत बारीक तारेचा, म्हणजे पहिल्या, वरच्या ई तारेचा. दुसरा आकडा सर्वांत जाड, सहाव्या तारेचा. १०-४६ म्हणजे पहिली तार १० ची आणि सहावी ४६ ची. मधल्या चार तारांच्या जाड्या पाकिटाच्या मागच्या बाजूला असतात. नेहमीच्या १०-४६ संचात त्या १०, १३, १७, २६, ३६, ४६ अशा असतात. ९-४२ मध्ये ९, ११, १६, २४, ३२, ४२.

यातल्या पहिल्या तीन तारा साध्या, नुसत्या पोलादी. खालच्या तीन गुंडाळलेल्या, म्हणजे आत पोलादाचा गाभा आणि त्यावर दुसऱ्या धातूची बारीक तार लपेटलेली. सगळीच जाडी एका भरीव तारेची ठेवली तर ती इतकी ताठ होईल की नीट वाजणार नाही. म्हणून गाभा बारीक ठेवून वरून वजन वाढवायचं.

आता गंमत बघा. ९ आणि १० मध्ये फरक किती? इंचाचा एक हजारांश. मिलिमीटरमध्ये ०.०२५. आपल्या डोक्यावरचा केससुद्धा याच्या दुपटीहून जाड असतो. एवढ्याशा फरकाने काय होणार, असं वाटतं ना? पण बोटाला तो लगेच कळतो. का कळतो, ते पाहू.

तीन गोष्टींवर सगळा खेळ

मेर्सेन नावाचा एक फ्रेंच धर्मगुरू होता. १६३६ मध्ये त्याने संगीतावरच्या आपल्या मोठ्या ग्रंथात तारांचे नियम मांडले. तारेचा सूर तीन गोष्टींवर ठरतो: तार किती लांब, किती वजनदार आणि किती ताणलेली. लांब तार, खालचा सूर. जड तार, खालचा सूर. जास्त ताण, वरचा सूर.

हे आपल्याला नवीन नाही. मिरजेत तंबोरे बनवणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आलेत. पुरुष गायकाचा सूर खालचा, म्हणून त्याचा तंबोरा मोठा आणि तारा जाड. स्त्री गायिकेचा सूर वरचा, म्हणून तंबोरा लहान आणि तारा बारीक. मोठ्या तंबोऱ्याच्या तारा छोट्या तंबोऱ्यावर चढवून तोच वरचा सूर कोणी मागत नाही. आपण गिटारवाले मात्र एकाच संचावर सगळी ट्यूनिंग वाजवायला बघतो.

नियम उलटा लिहिला तर आपल्या कामाचं सूत्र मिळतं. गिटारची लांबी ठरलेली आहे, सूरही ठरलेला आहे, मग ताण किती लागेल? दोन गोष्टी लक्षात ठेवा:

- ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो.
- ताण कंपनसंख्येच्या, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या, वर्गाच्या प्रमाणात वाढतो.

"वर्ग" हा शब्द महत्त्वाचा. ९ चा वर्ग ८१, १० चा वर्ग १००. म्हणजे तार केसाच्या अर्ध्याहून कमी जाड झाली, पण ताण जवळजवळ २३ टक्के वाढला. १० वरून ११ वर गेलात तर आणखी २१ टक्के. बोटाला कळतो तो हा फरक.

प्रत्यक्ष आकड्यांत सांगतो. स्ट्रॅटोकास्टरसारखी २५.५ इंच स्केल लेंथ असलेली गिटार घ्या, स्टँडर्ड ट्यूनिंगमध्ये. पहिली तार ९ ची असेल तर तिच्यावर सुमारे ५.९ किलोचा ताण. १० ची असेल तर ७.३ किलो. ११ ची असेल तर ८.९ किलो. सहाही तारा मिळून ९-४२ संचाचा ताण साधारण ३८-३९ किलो, १०-४६ चा ४७ किलो, आणि ११-४९ चा ५४ किलोच्या आसपास. पाकीट बदललं की गिटारच्या मानेवर सात ते नऊ किलो जास्त किंवा कमी. ही गोष्ट पुढे सेटअपच्या वेळी लागणार आहे, लक्षात ठेवा.

तुमची गिटार किती लांब?

स्केल लेंथ म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंतचं अंतर. नीट सांगायचं तर नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंतच्या अंतराची दुप्पट. फेंडरच्या स्ट्रॅट आणि टेलीवर ते २५.५ इंच असतं, गिब्सनच्या लेस पॉलवर साधारण २४.७५ इंच. इतर कंपन्यांच्या गिटारी बहुतेक यातल्या एका मापाच्या जवळ असतात. मोजपट्टी घेऊन मोजून टाका, दोन मिनिटांचं काम आहे.

लांबीचाही वर्ग येतो. लेस पॉलवर तोच सूर, तीच तार लावली तर ताण स्ट्रॅटपेक्षा सुमारे ६ टक्के कमी. म्हणजे लेस पॉलवरची १० ची पहिली तार ६.९ किलोच्या आसपास, स्ट्रॅटवरच्या ९ आणि १० च्या मध्ये कुठेतरी. म्हणून मित्राने "मी दहाच वापरतो, तूपण वापर" असं सांगितलं, तर आधी त्याच्याकडे कुठली गिटार आहे ते विचारा.

ट्यूनिंग खाली उतरवलं की काय होतं?

आता आपल्या काळी दोनवाल्या गायकाकडे येऊ. गिटारचं स्टँडर्ड ट्यूनिंग ई पासून, म्हणजे पेटीवरच्या भाषेत पांढरी तीन. सगळ्या तारा एक फ्रेट खाली उतरवल्या की ई फ्लॅट, म्हणजे काळी दोन. अजून एक फ्रेट खाली, डी, म्हणजे पांढरी दोन. त्याखाली काळी एक आणि मग पांढरी एक.

एक फ्रेट खाली गेलं की ताण सुमारे ११ टक्के कमी होतो. दोन फ्रेट खाली गेलं की जवळजवळ २१ टक्के. चार फ्रेट खाली गेलं की ३७ टक्के. पांढरी एकवर पोचेपर्यंत तुमच्या तारेतला एक तृतीयांशाहून जास्त ताण गेलेला असतो. मग ती लोंबणारच.

लोंबणाऱ्या तारेचा त्रास नुसता खडखडाटाचा नाही. तार सैल असली की जोरात पिक मारल्यावर सूर आधी वर चढतो आणि मग खाली येतो. बोटाने जरा जास्त दाबली तरी सूर वर जातो. सैल तारेत ताण मुळात कमी असतो, त्यामुळे बोटाच्या दाबाने पडणारा थोडासा जास्तीचा ताणही प्रमाणाने मोठा ठरतो. म्हणून ट्यूनरवर सगळ्या मोकळ्या तारा हिरव्या दिसतात आणि कॉर्ड वाजवला की बेसूर वाटतं. इथे बोटाला दोष देऊन उपयोग नाही. चुकलीये ती तारेची निवड.

उपाय सरळ आहे. सूर खाली नेला तर जाडी वाढवा, ताण परत मूळ जागी येईल. किती वाढवायची? प्रत्येक फ्रेटमागे साधारण ६ टक्के. बारीक तारांसाठी पाठ करायला सोपा नियम असा: दोन फ्रेट खाली, एक नंबर जाड. १० वर सवय आहे आणि पांढरी दोनमध्ये वाजवायचंय? ११ घ्या. ९ वर सवय आहे? १० घ्या. जाड तारांसाठी टक्क्यांनी मोजा, कारण ४६ चे १२ टक्के म्हणजे साडेपाच. सहावी तार एक नंबरने वाढवून काही होणार नाही, ती ५१-५२ च्या आसपास हवी.

कुठल्या ट्यूनिंगला कुठला संच?

स्ट्रॅटच्या लांबीची गिटार आणि स्टँडर्डमध्ये १०-४६ ची सवय, असं धरून हिशेब मांडतो. तुमची सवय ९ ची असेल तर सगळं एक नंबर खाली धरा. हे नियम म्हणून घेऊ नका, सुरुवात कुठून करायची एवढंच यातून ठरवा.

- स्टँडर्ड, पांढरी तीन: १०-४६. नवशिक्यांसाठी ९-४२.
- ई फ्लॅट, काळी दोन: १०-४६ चालतोच, ताण ९ आणि १० च्या मध्ये येतो. अगदी तसाच ताठपणा हवा असेल तर साडेदहापासून सुरू होणारे संचही मिळतात, नाहीतर ११-४९.
- डी स्टँडर्ड, पांढरी दोन: ११-४९. खालच्या तारा जोरात वाजवत असाल तर ११-५२.
- ड्रॉप डी: इथे फक्त सहावी तार दोन फ्रेट खाली जाते, बाकी पाच जिथल्या तिथे. म्हणून जाडी वाढवायची ती खालच्या बाजूलाच. १०-५२ हा संच यासाठी नेमका बसतो. ९ वाल्यांसाठी ९-४६.
- ड्रॉप सी: पाच तारा दोन फ्रेट खाली, सहावी चार फ्रेट खाली. ११-५४ किंवा ११-५६.
- सी शार्प स्टँडर्ड, काळी एक: १२-५४ च्या आसपास.

१०-५२ चं गणित एकदा स्वतः करून बघा, मजा येईल. ४६ ची तार स्टँडर्डमध्ये सुमारे ७.९ किलोवर असते. ड्रॉप डीला ती ६.३ किलोवर येते. परत ७.९ वर आणायला किती जाड हवी? ४६ गुणिले १.१२, म्हणजे ५१.५. पाकिटावर ५२. कंपनीने हा आकडा हवेतून काढलेला नाही.

ओपन ट्यूनिंगवाल्यांसाठी एक सूचना. ओपन जी आणि ओपन डी मध्ये तारा खाली जातात, तिथे नेहमीचा संच चालतो. ओपन ई मध्ये मात्र पाचवी आणि चौथी तार दोन फ्रेट वर आणि तिसरी एक फ्रेट वर जाते. दोन फ्रेट वर म्हणजे ताण २६ टक्के जास्त. त्यापेक्षा ओपन डी लावून दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लावलात तर सूर तेच मिळतात आणि गिटारही सुखी राहते.

मोठे वादक काय लावतात, आणि का?

इथे दोन टोकं बघण्यासारखी आहेत. स्टीव्ही रे व्हॉन १३ पासून सुरू होणारे संच वापरण्यासाठी प्रसिद्ध होता. पण तो गिटार अर्धा स्वर खाली, ई फ्लॅटमध्ये लावायचा, हे सांगायचं राहून जातं. तरीही हिशेब केला तर त्याच्या पहिल्या तारेवर ११ किलोचा ताण निघतो, ९ च्या तारेच्या जवळपास दुप्पट. बोटांची कातडी निघाली की तो सुपरग्लू लावायचा, असे किस्से त्याच्याबद्दल सांगतात ते उगीच नाहीत.

दुसऱ्या टोकाला झेडझेड टॉपचा बिली गिबन्स. त्याच्या नावाने निघणारा संच ७ पासून सुरू होतो. सात! लेस पॉलच्या लांबीवर साडेतीन किलोसुद्धा ताण नाही. आणि त्याचा आवाज ऐका, बारीक वाटतो का? भरदार, घोगरा, जाडजूड. "जाड तारेशिवाय आवाज भरत नाही" असं कोणी ठासून सांगितलं की या माणसाची आठवण ठेवा. जाड तार पिकअपला जास्त सिग्नल देते हे खरं आहे, पण ॲम्प्लिफायर, पिकअप आणि पिक मारायची पद्धत मिळून हा फरक सहज झाकू शकतात.

मला सगळ्यांत आवडणारं उदाहरण स्लॅशचं. तो ११-४८ लावतो. ऐकणारा म्हणतो, बापरे, अकरा! पण गन्स अँड रोझेसची गाजलेली गाणी अर्धा स्वर खाली आहेत आणि स्लॅशच्या हातात लेस पॉल असते. लांबी कमी, सूर कमी. दोन्ही वजा करून पहिल्या तारेवर उरतात सुमारे साडेसात किलो. स्ट्रॅटवर स्टँडर्डमध्ये १० लावल्यावर जेवढा ताण येतो, जवळजवळ तेवढाच. त्याचं बघून आपल्या स्ट्रॅटवर स्टँडर्डमध्ये ११ लावलेत तर तुम्ही त्याच्यापेक्षा जवळजवळ दीड किलो जास्त ओढताय.

आणि टोनी आयोमी. बर्मिंगहॅममध्ये १७ व्या वर्षी कारखान्यात अपघात झाला आणि त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे फ्रेटवर दाबायचा हात नेमका तोच. त्याने बोटांसाठी प्लॅस्टिकच्या टोप्या बनवल्या, बँजोच्या बारीक तारा गिटारवर चढवल्या, आणि पुढे ब्लॅक सबाथच्या १९७१ च्या "मास्टर ऑफ रिअॅलिटी"मध्ये गिटार तीन फ्रेट खाली, सी शार्पला आणली. ताण कमी, बोटांना आराम. हेवी मेटलचा तो जड, खोल आवाज एका जखमी हाताने स्वतःसाठी शोधलेल्या सोयीतून आलाय. त्यामुळे बारीक तारा लावणं म्हणजे कमजोरी, असं कोणी म्हटलं तर हसून सोडून द्या.

खरं तर १९६० च्या सुरुवातीपर्यंत दुकानात इलेक्ट्रिक गिटारचे बारीक संच सहज मिळतच नसत. तिसरी तारसुद्धा गुंडाळलेली असे, बेंड करणं म्हणजे कुस्ती. वादक पहिल्या जागी बँजोची तार लावायचे आणि बाकीच्या एकेक जागा खाली सरकवायचे. कॅलिफोर्नियातल्या अर्नी बॉल नावाच्या दुकानदाराने ही धडपड पाहिली आणि १९६२ मध्ये स्वतःच बारीक तारांचे संच विकायला सुरुवात केली. आज आपण सहज उचलतो ती पाकिटं तिथून आली.

दोन गैरसमज

पहिला: "जाड तार तुटत नाही, म्हणून ती वर ताणता येते." साध्या पोलादी तारेबाबत हे चुकीचं आहे. तार जाड झाली की ताण वाढतो, पण तो पेलणारं पोलादही तेवढ्याच प्रमाणात वाढतं. एकाच सुराला, एकाच लांबीवर, ९ आणि ११ दोन्ही तारा तुटण्याच्या बिंदूपासून सारख्याच अंतरावर असतात. तारा तुटतात त्या बहुतेक गंजामुळे, सॅडलवरच्या धारदार कडेमुळे किंवा पिकच्या घासण्यामुळे. एकाच जागी सारखी तुटत असेल तर ती जागा तपासा, गेज बदलू नका.

दुसरा: "बारीक तार बेंड करताना जास्त अंतर ढकलावी लागते." नाही. साधी तार कुठल्याही जाडीची असो, तोच सूर गाठायला ती साधारण तेवढीच सरकवावी लागते. बदलतो तो लागणारा जोर. म्हणून ११ वरून ९ वर आलात तर बेंड परत शिकावा लागणार नाही. फक्त पहिले काही दिवस सूर वर जाईल, कारण हाताला जास्त जोर लावायची सवय झालेली असते. कानाने ऐकत आठवडाभर वाजवा, बसेल.

पाकीट बदललंत, आता गिटारचं काय?

मघाशी म्हटलं तसं, संच बदलला की मानेवरचा ताण सात ते नऊ किलोने बदलतो. सूर खाली नेऊन त्याच प्रमाणात जाड तारा लावल्या तर एकूण ताण जवळपास तेवढाच राहतो आणि फारसं काही करावं लागत नाही. सूर तोच ठेवून जाडी बदलली तर मात्र चार गोष्टी बघा.

एक, मान. सहावी तार पहिल्या फ्रेटवर आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा. मध्ये, सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखाली किती फट दिसते? काढलेली जुनी १० ची तार त्या फटीत जेमतेम सरकली तर बरंचसं बरोबर आहे. फट फार मोठी असेल किंवा नसेलच, तर ट्रस रॉड फिरवावा लागेल. एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नाही, आणि फिरवल्यावर परत ट्यून करून बघायचं. हात थरथरत असेल तर दुकानातल्या कारागिराकडून करून घ्या, त्यात लाज नाही.

दोन, नट. ४६ च्या खाचेत ५२ ची तार अडकते. ट्यून करताना "टिंग" असा आवाज आला आणि सूर उडी मारून वर गेला, की समजा तार खाचेत अडकतेय. खाच रुंद करायला खास कानस लागते. घरातली चाकू-कानस तिथे नेऊ नका, खाच खोल झाली की नटच बदलावा लागतो.

तीन, ब्रिज. तरंगता ब्रिज असेल, फ्लॉइड रोझसारखा, तर मागच्या स्प्रिंगांचा आणि तारांचा तोल असतो. तारा जड झाल्या की ब्रिज पुढे झुकतो. मागचे स्क्रू आवळून तो परत समतल आणावा लागतो. दर आठवड्याला ट्यूनिंग बदलणाऱ्यांसाठी असा ब्रिज म्हणजे डोकेदुखी. पक्का ब्रिज बरा.

चार, इंटोनेशन. मोकळी तार ट्यून करा, मग बाराव्या फ्रेटवर दाबून वाजवा. ट्यूनरवर सूर वर दिसला तर सॅडल मागे, म्हणजे नटपासून दूर न्या. खाली दिसला तर पुढे आणा. सहाही तारांना करा. फोनवरचं फुकटचं ट्यूनर ॲप पुरेसं आहे.

आणि एक महत्त्वाचं. इलेक्ट्रिक गिटारवर अकूस्टिकचा ब्राँझचा संच लावू नका. पिकअप चुंबकावर चालतो आणि ब्राँझ चुंबकाला दाद देत नाही. गुंडाळलेल्या तारांमधला फक्त पोलादी गाभा पिकअपला कळतो, मग खालच्या तारा मिणमिणत्या आणि वरच्या कर्कश. पाकिटावर "इलेक्ट्रिक" आणि "निकेल" किंवा "स्टील" असं लिहिलंय ना, ते बघून घ्या.

मुंबई-कोकणातल्या मंडळींनी अजून एक करायचं. दमट हवेत आणि घामाने साध्या तारा लवकर गंजतात. गंजलेली तार खरखरीत होते, बोटाला जास्त कापते आणि सूरही नीट धरत नाही. वाजवून झालं की कोरड्या सुती कापडाने तारा वरून आणि खालून पुसा. तीस सेकंद लागतात.

मग मी काय घेऊ?

तीन प्रश्न स्वतःला विचारा, याच क्रमाने.

पहिला, मी जास्तीत जास्त वेळ कुठल्या ट्यूनिंगमध्ये वाजवतो? एखाद्या गाण्यासाठी नाही, बहुतेक वेळ. त्यासाठी संच निवडा. एकच गिटार असेल आणि अर्ध्या गाण्यांना पांढरी तीन, अर्ध्यांना काळी दोन लागत असेल, तर गिटार काळी दोनला लावून ठेवा आणि पांढरी तीनसाठी पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा. जवळ दुसरी गिटार नसेल तर कॅपो हा सगळ्यांत स्वस्त उपाय आहे.

दुसरा, माझा हात कसा आहे? दणकून रिदम वाजवणाऱ्याला जरा ताठ तार बरी, ती पिकला टक्कर देते. हलक्या हाताने लीड वाजवणाऱ्याला बारीक तार बरी. दोन्ही करत असाल तर वर बारीक, खाली जाड असा ९-४६ किंवा १०-५२.

तिसरा, माझं दुखतंय काय? हा प्रश्न विशेषतः माझ्यासारख्या दिवसभर कीबोर्ड बडवणाऱ्यांसाठी. बोटांची टोकं चरचरतात, ते ठीक आहे, दोन-तीन आठवड्यांत कातडी घट्ट होते. पण मनगट दुखत असेल, कोपरापर्यंत कळ जात असेल, बोटांना मुंग्या येत असतील, तर ते "सरावाने होईल" या खात्यातलं नाही. तिथे थांबा, एक नंबर बारीक तार लावा, ॲक्शन खाली घ्या, आणि तरी दुखलं तर डॉक्टरांना दाखवा. मनगटाचा नवा संच दुकानात मिळत नाही.

यातलं काहीच ठरवता येत नसेल तर साधा प्रयोग करा. एक ९-४२ आणि एक १०-४६ आणा. एक संच तीन आठवडे लावा, रोजची तीच दोन-तीन गाणी वाजवा, मोबाईलवर रेकॉर्ड करा. मग दुसरा लावा आणि पुन्हा तेच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पिक, ॲम्प्लिफायर, ॲक्शन सगळं जिथल्या तिथे. कोड डीबग करताना करतो तसंच. नाहीतर फरक कशामुळे पडला हे शेवटपर्यंत कळणार नाही. शेवटी डोळे मिटून दोन्ही रेकॉर्डिंग ऐका आणि कुठल्या तारांवर तुम्ही जास्त वेळ वाजवत बसलात ते आठवा. जास्त वेळ वाजवलंत तो संच तुमचा.

तर आज इथेच थांबू. पुढच्या भागात पिकअपची उंची: स्क्रूड्रायव्हरने अर्धा फेरा फिरवला की आवाज का बदलतो, ते बघू. तोपर्यंत पाकिटाची मागची बाजू वाचत जा, आणि तारा पुसत जा. भेटू!